एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

कॅनडा देशाच्या पूर्व टोकास, अटलांटिक महासागरात शिरलेला नोव्हास्कोशिया नावाचा एक प्रांत आहे. तेथील किनारा खडकाळ, वारा बोचरा आणि धुके दाट. ह्या प्रांतातील माउंट हॅन्ली नावाच्या खेड्यात २० फेब्रुवारी १८४४ रोजी जोशुआ स्लोकम याचा जन्म झाला. एका लहानशा शिडाच्या नौकेतून, बरोबर एकही सोबती न घेता, साऱ्या पृथ्वीला वळसा घालून आलेला पहिला माणूस म्हणून त्याचे नाव दर्यावर्दी लोकांत आजही आदराने घेतले जाते.

स्लोकमचे बालपण सुखाचे नव्हते. जोशुआ लहान असतानाच त्याच्या वडिलांनी शेती सोडली आणि ब्रायर बेटावरील वेस्टपोर्ट गावी मासेमारांसाठी कातडी बूट शिवण्याचा धंदा मांडला. दहा वर्षांचा होतो न होतो तोच त्याची शाळा सुटली आणि बुटांच्या तळव्यांना खुंट्या ठोकण्याचे काम त्याच्या वाट्यास आले. त्याचे मन मात्र खिडकीबाहेरच्या समुद्रात गुंतलेले असे. त्याच्या आईचे वडील दीपगृहाचे रखवालदार होते. समुद्राची ओढ कदाचित त्याला तिकडूनच लाभली असावी. फावल्या वेळात चोरून त्याने लाकडाचे एक सुबक जहाज कोरले होते. ते वडिलांच्या दृष्टीस पडले आणि त्या तापट गृहस्थाने ते जमिनीवर आपटून फोडले, असे सांगतात. चौदाव्या वर्षी जोशुआ घरातून पळाला व मासेमारीच्या एका नौकेवर स्वयंपाकी म्हणून राहिला. पुढे १८६० साली आई वारली, आणि घराशी त्याला बांधून ठेवणारा धागाच तुटला. सोळाव्या वर्षी त्याने घर सोडले ते कायमचे.

शाळेने जे दिले नाही ते समुद्राने त्याला दिले. साध्या खलाशापासून चढत चढत, आकाशातील ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान काढण्याची विद्या स्वतःच शिकत, तो ऐन पंचविशीत कप्तान झाला. १८७१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी बंदरात व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. ती बाई धैर्याची होती. पतीचे जहाज हेच तिने आपले घर मानले आणि तिच्या मुलांचे पाळणेही जहाजावरच हलले. परंतु १८८४ साली ब्यूनस आयर्स बंदरात, अ‍ॅक्विडनेक ह्या जहाजावर, तिचे देहावसान झाले. तीन वर्षांनी तेच जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून फुटले. स्लोकमची सारी पुंजी त्याच्याबरोबर गेली. तेव्हा त्याने हाती लागेल त्या लाकडाची ३५ फुटांची एक नौका बांधली आणि तिच्यातून आपली दुसरी पत्नी व दोन मुले यांना घेऊन तो सुखरूप अमेरिकेस पोहोचला.

पण अमेरिकेत त्याच्यासाठी काम उरले नव्हते. काळ बदलला होता. वाफेची जहाजे वाऱ्याची वाट न पाहता वेळापत्रकाप्रमाणे धावू लागली होती. शिडाच्या जहाजांच्या कप्तानांस कोणी विचारीनासे झाले होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला हा निष्णात कप्तान बॉस्टनच्या गोद्यांतून रोजगार शोधीत हिंडत होता. १८९२ च्या हिवाळ्यात एबेन पीअर्स ह्या वृद्ध ओळखीच्या कप्तानाने त्याला एक जहाज देऊ केले. मात्र त्याची थोडी डागडुजी करावी लागेल, असे बजावले. स्लोकम मोठ्या आशेने फेअरहेवन गावी गेला. तेथे एका शेतात, पाण्यापासून दूर, टेकू देऊन उभी केलेली, कापडाखाली झाकलेली ‘स्प्रे’ नावाची एक जुनाट नौका त्याला दिसली. ती कित्येक वर्षांत पाण्यात उतरली नव्हती. ती मोडीतच निघणार अशी गावकऱ्यांची समजूत होती.

त्यांची समजूत स्लोकमने खोटी ठरविली. त्याने जवळच्या रानातील ओकची झाडे तोडली, हाती वाकस घेतली आणि नौकेचा कणा, फासळ्या व फळ्या एकामागून एक बदलून काढल्या. त्या कामास तेरा महिने लागले आणि साहित्यास ५५३ डॉलर ६२ सेंट इतका खर्च आला. नवी झालेली ‘स्प्रे’ ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती. तिला एकच डोलकाठी होती. मध्यभागी एक मोठे शीड आणि पुढे त्रिकोणी आकाराची जीब नावाची शिडे, असा तिचा थाट होता.

ह्या नौकेची पुढील हकीकत नीट समजण्यासाठी तिच्या एका अवयवाची ओळख करून घेतली पाहिजे. नौकेच्या पुढच्या टोकास आपले कोकणी खलाशी नाळ म्हणतात. पुष्कळ शिडाच्या नौकांत ह्या नाळेच्याही पुढे, पाण्यावर झुकलेली, भाल्यासारखी एक काठी बसविलेली असते. तिला बोस्प्रिट असे नाव आहे. जीबचे खालचे टोक ह्या काठीस बांधतात. काठी वर उचलली जाऊ नये म्हणून तिचे टोक साखळीने किंवा दोराने खाली नाळेशी जखडलेले असते. नौकेचा आकार न वाढविता शिडाला पुढे जागा करून द्यावी, हा ह्या काठीचा उपयोग. परंतु तिचा याहून मोठा गुण आहे तो वेगळाच. दार बिजागरीजवळ ढकलले तर ते जड लागते. तेच कडेपाशी एका बोटाने ढकलले तरी सहज फिरते. तसेच नौकेच्या मध्यापासून शीड जितके दूर असेल तितका तिला वळविण्याचा जोर त्याच्या अंगी अधिक येतो. मात्र ह्या लाभाचे मोलही द्यावे लागते. वादळात त्या काठीवर प्रचंड ताण पडतो. आणि शीड आखडण्यासाठी खलाशास तिच्या टोकापर्यंत जावे लागते, तेव्हा त्याच्या पायांखाली केवळ उसळता समुद्र असतो.

२४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्लोकमने बॉस्टन बंदर सोडले. किमती कालमापक घड्याळ घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. वाटेत त्याने एक डॉलर देऊन पत्र्याचे एक साधे घड्याळ विकत घेतले. त्याची तबकडी फुटकी होती म्हणून ते स्वस्तात मिळाले. अटलांटिक महासागर ओलांडून ४ ऑगस्ट रोजी तो जिब्राल्टरला पोहोचला. तेथून भूमध्य समुद्रातून पूर्वेस जाण्याचा त्याचा बेत होता. परंतु त्या वाटेवर चाचे लोकांचा उपद्रव आहे, असे तेथील आरमारी अधिकाऱ्यांनी त्याला सांगितले. एकट्याने त्यांच्याशी गाठ घालण्यात शहाणपण नव्हते. स्लोकमने नौका फिरविली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्वेकडून करण्याऐवजी पश्चिमेकडून करण्याचे ठरविले. ह्या निर्णयाने त्याला दुसऱ्यांदा अटलांटिक ओलांडावा लागला आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे भयंकर समुद्र त्याच्या वाटेत आले.

ब्राझीलच्या दक्षिणेस, उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत रुतली. नांगर खोल पाण्यात नेऊन टाकण्यासाठी स्लोकम लहान होडीत बसून निघाला असता होडी उलटली. त्या क्षणी त्याला आठवले, की आपणांस पोहता येत नाही. साऱ्या जगाचे समुद्र पालथे घातलेला हा कप्तान पोहणे कधी शिकलाच नव्हता. उलटलेल्या होडीला चिकटून राहिल्याने तो कसाबसा वाचला.

अशा माणसाने ब्यूनस आयर्स बंदरात आपल्या नौकेकडे चिकित्सक दृष्टीने पाहिले, यात नवल नाही. उंच डोलकाठी आणि लांब बोस्प्रिट ही शांत समुद्रात शोभून दिसतील. पण पुढे पाटागोनियाचा तुफानी किनारा होता. स्वतःच्या हातांनी बसविलेली डोलकाठी त्याने उतरविली व सात फूट कापून टाकली. बोस्प्रिटही सुमारे पाच फुटांनी आखूड केली. ज्याने एखादी वस्तू स्वतः घडविली त्याला ती कापणे जड जाते. परंतु स्लोकमने आपल्या कारागिरीचा अभिमान धरला नाही. पुढे वादळात जीब आखडण्यासाठी त्या काठीच्या टोकावर बसण्याचे प्रसंग त्याच्यावर अनेकदा आले, आणि ती आणखी एक फूट का कापली नाही, अशी चुटपुट त्याला लागून राहिली.

ही दूरदृष्टी वाया गेली नाही. पाटागोनियाच्या किनाऱ्यावर एकदा पर्वतासारखी एक लाट चालून आली. ती दिसताच स्लोकम शिडाच्या दोरांवरून भराभर वर चढला. लाटेने क्षणभर सारी नौका गिळून टाकली. वरून पाहता त्याला नौकेचा कोणताही भाग दिसेना. दुसऱ्याच क्षणी ‘स्प्रे’ थरथरत वर आली. फेब्रुवारी १८९६ मध्ये तो मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरला. ३ मार्च रोजी तो पॅसिफिक महासागरात बाहेर पडला खरा, पण लगेच उठलेल्या वादळाने त्याला आग्नेयीस, केप हॉर्नच्या दिशेने रेटीत नेले. रात्रीच्या काळोखात, खडकांवर फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रांगांमधून वाट काढीत तो पुन्हा सामुद्रधुनीत परतला. तेथील एका लहान खाडीत थांबून त्याने नौकेच्या मागील बाजूस एक छोटी डोलकाठी व एक शीड नव्याने बसविले. अशा रीतीने पुढची काठी आखूड झाली आणि मागे एक शीड वाढले. समुद्र जसजसा शिकवी, तसतसा स्लोकम नौकेत बदल करीत जाई. अखेर १३ एप्रिल रोजी त्याने ती सामुद्रधुनी कायमची मागे टाकली.

पॅसिफिक महासागरातील हवा निराळी होती. तेथे व्यापारी वारे महिनोन् महिने एकाच दिशेने वाहत असतात. ते नौकेच्या पाठीशी होते. हुआन फर्नांडेझ बेट सोडल्यावर वाटेत कोठेही न थांबता बहात्तर दिवसांनी, १६ जुलै १८९६ रोजी, तो सामोआ बेटावरील आपिया बंदरात आला. ‘ट्रेझर आयलंड’ ह्या प्रसिद्ध कादंबरीचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याच बेटावर १८९४ साली निवर्तला होता. त्याच्या पत्नीने ह्या एकाकी प्रवाशाचे मोठ्या अगत्याने स्वागत केले. आपल्या पतीच्या संग्रहातील सागरप्रवासाचे मार्गदर्शक ग्रंथ त्यांनी स्लोकमला दिले. त्यांच्या घराच्या आवारात बांबू उगवलेले होते. त्यांतील दोन उंच, सरळ बांबूही त्याला नौकेसाठी मिळाले. ग्रंथांचे मोल कोणालाही कळण्यासारखे होते. बांबूंचे मोल कळण्यास मात्र खलाशीच हवा होता. स्लोकमने ते जपून बरोबर घेतले.

ऑस्ट्रेलियास वळसा घालून २४ जून १८९७ रोजी तो थर्सडे बेटावरून हिंदी महासागरातील कीलिंग बेटांकडे निघाला. हे अंतर सुमारे २७०० सागरी मैल. ते कापण्यास त्याला तेवीस दिवस लागले. आणि ह्या तेवीस दिवसांत मिळून तीन तासही तो सुकाणूपाशी नव्हता. तो जेवण रांधी, पुस्तके वाची, झोप घेई. ‘स्प्रे’ मात्र आपली वाट सोडीत नसे. हे ऐकून कोणासही आश्चर्य वाटेल. पण यात जादू काहीच नव्हती. वारा पाठीमागून असला म्हणजे मोठे शीड एका बाजूस पूर्ण सोडतात. ते शीड त्या बाजूने नौकेला ढकलू लागते आणि त्यामुळे तिचे तोंड वाऱ्याकडे वळू पाहते. अशा वेळी सुकाणूवर सतत माणूस लागतो. स्लोकम सुकाणू बांधून ठेवी आणि बोस्प्रिटवरची जीब नौकेच्या मध्यरेषेवर ताठ ओढून घेई. नौका सरळ चालली असता वारा जीबच्या दोन्ही अंगांनी निघून जाई व ती स्वस्थ राही. नौकेने तोंड फिरविले, की लगेच वारा जीबच्या एका अंगावर आदळे आणि नाळ पुन्हा पूर्वीच्या दिशेस लोटली जाई. नाळेपुढे दूरवर उभी असलेली ती जीब, न झोपणाऱ्या सुकाणूधराचे काम करीत असे. तळाचा लांब कणाही तिला साथ देई.

२६ मार्च १८९८ रोजी स्लोकमने केप टाउन सोडले व परतीची वाट धरली. पुन्हा वारा पाठीशी होता. ह्या परतीच्या प्रवासात सामोआच्या बांबूचे चीज झाले. ब्यूनस आयर्स येथे ज्याने आपली बोस्प्रिट पाच फूट कापली होती, त्याच स्लोकमने आता त्या आखूड बोस्प्रिटला बांबूचा जाड बुंधा बांधून तिची लांबी वाढविली. बांबूच्या टोकास त्याने एक हलके जादा शीड लावले आणि तेही मध्यरेषेवर ताठ ओढून घेतले. नौका वाऱ्यापुढे अधिकच स्थिर चालू लागली. इकडे तिकडे भरकटण्यात जी मजल वाया जाते ती वाचली. मग काठी कापली ही चूक झाली होती काय? मुळीच नाही. तुफानी समुद्रात आखूड काठीने त्याचे प्राण राखले. अनुकूल वाऱ्यात लांब काठीने त्याचे श्रम वाचविले. शिवाय बांबू हलका होता, दोरीने बांधलेला होता. वादळाचे चिन्ह दिसताच तो काढून घेता येई. लांब काठीचा गुण तेवढा घ्यावा व तिचा दोष टाळावा, अशी ही साधी युक्ती होती.

८ मे १८९८ रोजी ‘स्प्रे’ने ब्राझीलजवळ आपलीच पूर्वीची वाट छेदली आणि तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. परंतु घर अजून दूर होते आणि समुद्राने शेवटची परीक्षा राखून ठेवली होती. अँटिग्वा बेट सोडल्यावर एके दिवशी डोलकाठीपासून बोस्प्रिटपर्यंत ताणलेला दोर वरून तुटला व जीबसह समुद्रात पडला. हा दोर म्हणजे डोलकाठीचा पुढचा आधार. तो नसता तर डोलकाठीच मोडून पडण्याचे भय होते. चौपन्न वर्षांच्या स्लोकमने एकट्याने ते पाण्यात पडलेले शीड व दोर ओढून घेतले, हलत्या डोलकाठीवर चढून तिला पुन्हा आधार दिला आणि नौका पुढे हाकली. त्या वेळी अमेरिका व स्पेन यांचे युद्ध चालू होते आणि न्यूपोर्ट बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरलेले होते. खडकांना बिलगून, सुरुंग चुकवीत, २७ जून १८९८ रोजी मध्यरात्र उलटल्यावर तो बंदरात शिरला. तीन वर्षे दोन महिन्यांत त्याने ४६००० मैलांहून अधिक प्रवास केला होता.

बंदरावर त्याच्या स्वागतास जनसमुदाय लोटला नव्हता. सर्वांचे लक्ष युद्धाकडे होते. आपल्या प्रवासाची हकीकत स्लोकमने लिहून काढली आणि १९०० साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. केवळ तीन वर्षे शाळेत गेलेल्या ह्या माणसाची लेखणी सरळ, प्रसन्न आणि मिस्कील होती. ते पुस्तक पुढे अनेक भाषांत गेले. त्याने बेटावर एक घर घेतले, पण जमिनीवर त्याचे मन रमले नाही. नोव्हेंबर १९०९ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड ह्या बेटावरून त्याने ‘स्प्रे’ पुन्हा दक्षिणेकडे हाकारली. त्यानंतर नौका अथवा नाविक कोणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. वादळ आले, की मोठ्या जहाजाने धडक दिली, हे कळण्यास मार्ग उरला नाही. १९२४ साली कायद्याने त्याला मृत ठरविण्यात आले.

स्लोकमने दाखविलेल्या वाटेने पुढे पुष्कळजण गेले. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्या इंग्रज नाविकाने वाटेत कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याची ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती आणि तिच्याही नाळेपुढे बोस्प्रिट होती. २००९-१० साली भारतीय नौदलातील दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. शर्यतीच्या अनेक आधुनिक नौकांनाही नाळेपुढे एक हलकी काठी असते. वारा मागून असता ती पुढे सरकवितात. मोठ्या शिडाच्या आडोशातून बाहेर, मोकळ्या वाऱ्यात, तिच्या टोकावर एक फुगीर शीड उभारतात आणि काम होताच काठी पुन्हा आत घेतात. काठी आता बांबूची राहिलेली नाही; परंतु गरजेपुरती लांबवावी व गरज सरताच आवरावी, ही दृष्टी तीच आहे.

स्लोकम शूर होता यात शंका नाही. परंतु केवळ शौर्याने तो जग फिरून आला नसता. स्वतःच्या हातांनी घडविलेली काठी प्रसंगी कापण्याचे आणि प्रसंगी पुन्हा वाढविण्याचे शहाणपण त्याच्यापाशी होते. वारा माणसाच्या स्वाधीन नसतो. आपली नौका त्याला साजेशी करून घेणे, एवढेच त्याच्या हाती असते. पोहता न येणाऱ्या ह्या एकाकी नाविकाने जन्मभर तेवढे मात्र चोख केले.